काचेचा मनोरा
(वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



आज बोलावयास बाहेरच्या एक विदुषी यायच्या होत्या. त्यांचे येणे रहित झाले आणि "तुम्ही आयर्लंडला जाऊन आलात, तेच सांगा" असा मला हुकूम झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आईच्या आजारपणात शाळा सुटली ती सुटली. ज्या धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन मी तेव्हा चूल सांभाळली, ती आज डब्लिनच्या इस्पितळात परिचारिका आहे. तिच्या बाळंतपणासाठी मी तीन महिने गेले होते. तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या.

तिकडे पाऊस केव्हा येईल याचा नेम नाही. बाळाला गाडीतून फिरवायला नेले आणि सर आली, की मी जवळच्या चर्चमध्ये शिरे. कोणी हटकत नसे. आत अंधार, आणि खिडक्यांत निळ्या-तांबड्या काचांचे साधुसंत. बाहेर ऊन पडले की फरशीवर रंग सांडत आणि बाळ ते टक लावून पाही. त्या काचांविषयी बहिणीच्या यजमानांनी पुस्तके आणून मला समजावून सांगितले. दोनदा त्यांनी काचा दाखवायलाही नेले. म्हणून हे सांगण्याचे धाडस.

आयर्लंडमधील बहुसंख्य लोक कॅथलिक. त्यांच्यावर इंग्रजी राज्यात पुष्कळ निर्बंध होते. १८२९ साली त्यांतले बहुतेक उठले आणि मग गावोगाव नवी चर्चे उभी राहू लागली. चर्च म्हटले की रंगीत काचा हव्यात. त्या येत बाहेरून. बर्मिंगहॅमच्या हार्डमन कंपनीने १८४५ पासून हे काम सुरू केले होते. जर्मनीत म्यूनिकची मायर कंपनी होती. तिने तर १८६५ साली लंडनमध्ये शाखाच काढली. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले हे मोठे कारखाने. एकजण चित्र काढी, दुसरा काच कापी, कोणी नुसते चेहरे रंगवी, कोणी नुसती वस्त्रे. एकदा काढलेला नमुना दुसऱ्या गावच्या चर्चलाही चाले.

ही खिडकी करतात कशी, ते सांगते, कारण ती बरीचशी आपल्या गोधडीसारखी आहे. रंग काचेवर लावलेला नसतो, काच वितळलेली असतानाच धातूची भस्मे घालून तो आणतात. तांबडी काच आरपार तांबडी केली तर काळी दिसते, म्हणून पांढऱ्या काचेवर तांबड्या काचेचा पातळ थर देतात, मुलाम्यासारखा. पांढऱ्या काचेवर चांदीच्या क्षाराचा लेप देऊन भट्टीत घातले की ती पिवळी होते. म्हणजे चांदी घालून सोन्याचा रंग! नाक-डोळे, कपड्यांच्या चुण्या एवढेच काळसर रंगाने काढून भाजून पक्के करतात. मग तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून सांध्यांवर डाक देतात. आपण कापड बेतताना शिवणीसाठी माया सोडतो ना? काचेचे उलटे. पट्टीचा मधला दांडा बसावा म्हणून खास कात्रीने कागदी नमुन्यांमधून बारीकशी पट्टी कापून टाकतात. माया सोडायची नाही, काढून घ्यायची. हे ऐकून मला फार मौज वाटली.

मायरच्या खिडक्यांना पंडित लोक नावे ठेवतात. सगळे चेहरे सारखे गोड, म्हणतात. मला मात्र त्या आवडल्या. आमच्या देवघरात रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी आहे, ती काय घरोघर तीच नव्हती? म्हणून कोणाची भक्ती उणी झाली नाही. पण पुढची हकिगत कळल्यावर मी जरा विचारात पडले.

सारा पर्सर म्हणून एक बाई १८४८ साली जन्मल्या. १८७३ मध्ये वडिलांचा धंदा बुडाला आणि पोटासाठी त्या डब्लिनला आल्या. पॅरिसला जाऊन चित्रकला शिकल्या, बड्या लोकांच्या तसबिरी रंगवून पैसा मिळवला, तो शहाणपणाने गुंतवला. लग्न केले नाही. त्या काळी एडवर्ड मार्टिन नावाचे जमीनदार नाटककार म्हणत, की आपल्या देवळांतल्या काचा परक्या कारखान्यांतून का याव्यात? त्यांच्या खटपटीने लंडनकडचे आल्फ्रेड चाइल्ड डब्लिनच्या कलाशाळेत ही विद्या शिकवू लागले, आणि १९०३ साली पर्सरबाईंनी स्वतःचा पैसा घालून कार्यशाळा काढली. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी! आपल्याकडे त्या वयात सुना "आता तुम्ही बसा" म्हणतात. कार्यशाळेचे नाव आयरिश भाषेत ठेवले, 'अन टूर ग्लिने', म्हणजे काचेचा मनोरा.

तिथे एक नियम होता. खिडकी ज्याची त्याने पहिल्या चित्रापासून शेवटपर्यंत करायची. एकाने चेहरे आणि दुसऱ्याने लुगडी, असे नाही. त्यामुळे आजही कुठली खिडकी कोणाची ते सांगता येते. मायकेल हीली यांच्यासारखे पुरुष तिथे होते, पण बायकाच अधिक नावारूपाला आल्या: कॅथरिन ओब्रायन, एथेल रिंड, विल्हेल्मिना गेडिस, एव्ही होन.

गेडिसबाईंची चित्रे मुळीच गोड नाहीत. मोठमोठे डोळे, राकट हात. पहिल्या महायुद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ कॅनडात ओटावाच्या एका चर्चला त्यांनी १९१९ साली खिडकी करून दिली. पुढे १९३८ साली बेल्जियमच्या ईप्र गावी राजा आल्बर्टच्या स्मरणार्थ केवढी तरी मोठी गोल खिडकी केली. एव्हीबाईंना लहानपणीच पोलिओ झाला होता. पाय अधू, हात अधू. पण वयाची पस्तिशी उलटल्यावर त्या काचेकडे वळल्या, लंडनला गेडिसबाईंच्या हाताखाली धडे घेतले, मग मनोऱ्यात आल्या. इंग्लंडातल्या इटनच्या शाळेच्या प्रार्थनामंदिराच्या काचा १९४० साली बाँबने फुटल्या होत्या, तिथली पूर्वेची प्रचंड खिडकी या बाईंनी केली आणि १९५२ साली ती बसली. गुरू आणि शिष्या दोघीही १९५५ साली वारल्या. पर्सरबाई त्याआधी, १९४३ मध्ये, पंचाण्णव वर्षांच्या होऊन गेल्या. दुसऱ्या वर्षी संस्था मोडली, पण ओब्रायनबाईंनी जागा आपल्याकडे घेतली आणि १९६३ साली मरेपर्यंत त्या काम करीत राहिल्या.

गॅलवेकडे लॉख्रे नावाचे गाव आहे, तिथल्या मोठ्या चर्चमध्ये मनोऱ्याच्या अगदी सुरुवातीपासूनच्या खिडक्या आहेत. आम्ही तिथे गेलो. शिवाय तिथे साधुसंतांच्या भरतकामाच्या पताकाही आहेत. कवी येट्स यांच्या बहीण लिली यांच्या देखरेखीखाली मुलींनी त्या तागाच्या कापडावर लोकर-रेशमाने भरल्या. खिडक्यांपुढे यजमान उभे, आणि मी पताकांपुढे उभी! टाका इतका सारखा, की आपल्यातल्या भरतकामवाल्यांनी एकदा पाहावा.

आता जे सांगण्यासाठी मी खरे तर उभी राहिले ते सांगते. बाळासाठी मी आपल्या मंडळाची गोधडी नेली होती. शेजारच्या आजीबाईंनी ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि विचारले, "कोणी केली?" मी अभिमानाने सांगितले, आमच्या मंडळाने. त्या म्हणाल्या, "ते कळले. पण कोणत्या बाईने?" मला उत्तर देता येईना. मग खिडकीपाशी नेऊन टाके पाहिले, कोपऱ्याचा वळसा ओळखला आणि सांगितले, आमच्या काकूंनी. त्या आज पुढच्याच रांगेत बसल्या आहेत.

गेल्या वर्षी शहरातल्या एका दुकानाने आपल्या गोधड्यांवर स्वतःची चिठ्ठी लावून विकल्या, तेव्हा आपण सगळ्या रागावलो. पण आपण तरी कोणाचे नाव घातले होते? बैठकीत मी हे बोलले तेव्हा दोन हरकती निघाल्या. एक, नाव घातले तर गिऱ्हाईक काकूंचीच गोधडी मागेल आणि नवख्या मुलींची पडून राहील. दुसरी, कापायला एक आणि शिवायला दुसरी अशी वाटणी केल्याने काम लवकर उरकते. दोन्ही खोट्या नाहीत. मनोऱ्यालाही कारखान्याच्या वेगाने कामे करता आली नसतील. तरी कार्यवाहबाईंनी सहा गोधड्यांपुरती परवानगी दिली. प्रत्येक गोधडी एकाच बाईने बेतायची, एकीनेच शिवायची, आणि कोपऱ्यात नाव घालायचे.

काकूंना लिहिता येत नाही. "मग मी काय घालू?" म्हणाल्या. दोन दिवसांनी त्यांनी गोधडी आणली, तर कोपऱ्यात लाल दोऱ्याने बोटभर तुळशीवृंदावन भरलेले. सहाही गोधड्या बाहेर ओसरीवर मांडल्या आहेत. चहा घेऊन जाताना पाहा. काकूंची खिडकीच्या बाजूला आहे.