हलकी काठी, बारीक तंगूस
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय ‘निवृत्तीनंतरचे छंद’. आधीच्या वक्त्यांनी बागकाम, भजन आणि योगासनं संपवली आहेत. माझ्या वाट्याला मासे राहिले. मैत्रिणी विचारणारच, ‘हर्णैला लिलावात ताजी मासळी मिळत असताना उन्हात तासन्‌तास उभं राहायचं कशाला?’ याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. पण आपल्यातले पाच-सहा जण मुंबई-पुण्याचं घर मुलांना देऊन इकडे परतलेत आणि प्रत्येकाने येताना दुकानातली सगळ्यांत जाड काठी आणलीय. म्हणून बोलतो.

आपल्या खाडीतला मानाचा मासा खजुरा. रायगडात तोच जिताडा, बंगाल्यांची भेटकी आणि ऑस्ट्रेलियात बारामंडी. इंग्रजी पुस्तकात त्याला ‘सी पर्च’ असंही म्हणतात. विलायतेतला खरा पर्च हा गोड्या पाण्यातला, बहुधा पाव-अर्ध्या किलोचा मासा. त्याच्यासाठी तिकडे बारीक दोरा आणि लवचीक काठी वापरतात. आपला खजुरा त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा होतो, पण खाडीत सहसा गरीला लागतो तो किलो-दोन किलोचा. त्याला ही हलकी पद्धत उत्तम चालते.

आता दुकानात काय घडतं ते बघा. माणूस आधी काठी घेतो, मग तिला शोभेल असं रीळ, मग त्यावर जाड तंगूस, आणि शेवटी गरी. क्रम नेमका उलटा हवा. मासा काय खातो, इथून सुरुवात. भरतीला खजुरा खाजणात शिरतो तो कोळंबी आणि बारक्या बोयांच्या मागे. म्हणजे आमिष जिवंत कोळंबी. तिचं वजन ते किती! तिला पोहता येईल एवढीच गरी हवी, ती गरी सांभाळेल एवढाच तंगूस, आणि तो तुटू देणार नाही अशी काठी. जाड तंगुसाला खाडीची ओढ जास्त लागते. तो वाहू नये म्हणून शिसं वाढवावं लागतं, शिसं वाढलं की काठी ताठ लागते, आणि ताठ काठीवर माशाने कोळंबी चाखून सोडली तरी हाताला कळत नाही. कोळंबी गेली, मासा गेला, आपण आपले ध्यानस्थ.

माझा स्वतःचा संच सांगतो. काठी सात फुटांची. तिच्यावर किती ग्रॅम वजन फेकायचं ते छापलेलं असतं, ५ ते २० ग्रॅम असेल ती घ्या. किमतीपेक्षा हा आकडा आधी वाचा. रीळ २५०० मापाचं. दोरी गुंफलेली, १० पौंडी, म्हणजे साडेचार किलोची. दुकानदार तिला ‘ब्रेड’ म्हणतो, त्याचा पावाशी संबंध नाही. मात्र या दोरीच्या टोकाला हातभर जाड तंगूस, २० ते ३० पौंडी, जोडायलाच हवा. खजुऱ्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कडा पात्यासारखी असते, मान झटकली की बारीक दोरी साफ. गाठ आवळताना थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर घासून गरम होते आणि तंगूस तिथेच कमजोर होतो.

गरीच्या नंबरांनी सगळेच चक्रावतात. नंबर वाढला की गरी लहान होत जाते. आठ नंबर मुडदुशीला. एक नंबरच्या पुढे मात्र हिशेब फिरतो, वन-झिरो, टू-झिरो असं करत गरी मोठी होते. खजुऱ्याला कोळंबी लावायला वन-झिरो पुरे. गरी कोळंबीच्या डोक्यातला काळा ठिपका टाळून घाला, म्हणजे ती बराच वेळ जिवंत राहते.

रिळाचा ब्रेक, ज्याला ड्रॅग म्हणतात, तो हाताने ओढून ‘ठीक आहे’ म्हणू नका. घरातला ताणकाटा दोरीला अडकवा आणि दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ओढीला रीळ सुटेल असं लावा. आपल्या दोरीला साधारण सव्वा ते दीड किलो. मग मासा पळाला तर पळू द्यायचा. आपली पिढी ओढून धरण्यात वाढली, त्यामुळे हे शिकायला वेळ लागतो.

हे सगळं नको असेल तर चिव्याची काठी आहेच. आपण शाळेत असताना आंजर्ल्याला पूल नव्हता, तरीने जायचो, तेव्हा तिथली मुलं चिव्याच्या काठीला तीन-चार वाव तंगूस बांधून आपल्यापेक्षा जास्त मासे काढायची. चिवा हलका आणि चिवट, मिठाने गंजत नाही. रीळ मात्र प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर पुढच्या गणपतीपर्यंत त्याचा दगड होतो.

हलकं सामान सगळीकडे चालतं असंही नाही. तांबोशी लागली की सरळ कांदळाच्या मुळांत घुसते. तिथे बारीक दोरी तुटते आणि मासा तोंडात गरी, मागे दोरी घेऊन मरतो. मुळांजवळ जाड सामान वापरा, नाहीतर तिथे टाकूच नका. हर्णैच्या खडकांवरही लाटांत हलकं टिकत नाही. आणि खरं सांगायचं तर शेवाळलेल्या खडकावर आपल्या वयाने जाऊच नये, पावसाळ्यात तर नाहीच. शिंगाळा लागला तर त्याच्या काट्यांना हात लावू नका. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा आणि थेट डॉक्टरकडे जा.

आता जरा अप्रिय. समितीने पुढच्या मेळाव्यात गरवण्याची स्पर्धा ठेवायचं ठरवलंय आणि बक्षीस आहे सर्वांत मोठ्या माशाला. माझा त्याला विरोध आहे, तो इथेच नोंदवतो. खजुरा जन्मतो तो बहुतेक नर म्हणून. काही वर्षं नर राहतो, आणि साधारण ८० ते १०० सेंटिमीटरच्या टप्प्यात त्याची मादी होते. म्हणजे खाडीतला सगळ्यांत मोठा खजुरा ही जवळजवळ नक्की मादी, लाखो अंडी घालणारी. तिला काढून, फोटो घेऊन आपण टाळ्या वाजवणार? पलीकडे पाग टाकणाऱ्याची चूल त्याच पाण्यावर पेटते. आपली पेन्शन येते, त्याची येत नाही.

लहान माशांचंही तेच. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ५४ प्रजातींना किमान आकारमान ठरवून दिलं, पापलेटाला १३५ मिलिमीटर. तो नियम मुख्यतः बोटींसाठी आहे हे मान्य, पण हातभर काठी धरणाऱ्यालाही तो समजायला हरकत नसावी.

माझी सूचना अशी. बक्षीस द्यायचंच तर चाळीस ते साठ सेंटिमीटरमधल्या माशाला द्या, एकाला एकच मासा. बाकीचे मोजून पाण्यात. गरीचा उलटा काटा पकडीने चेपला की मासा सोडवणं सोपं जातं. हात ओले करून धरा आणि लवकर सोडा. म्हणूनच अगदी दोऱ्यासारखं सामानही नको. अर्धा तास झुंजवून सोडलेला मासा पोहत जातो आणि पुढे जाऊन मरतो, आपल्याला मात्र पुण्य केल्यासारखं वाटतं. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणा, तिवरांत राहिला तर त्यात बगळे अडकतात.

वेळ कशी काढायची हे आजोबांकडून तुम्हीही ऐकलं असेल, तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाचे सहा, म्हणून सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. भरती फिरल्यावरचे पहिले दोन तास सोन्याचे, कारण खाजणातल्या ओहोळांतून पाणी परतू लागतं आणि कोळंबी त्यासोबत बाहेर येते. खजुरा तोंडाशीच उभा असतो.

उद्या चतुर्थी. चाराचे तीन. ज्यांना यायचं त्यांनी साडेतीनला आंजर्ल्याच्या पुलाजवळ जमावं. टोपी, पाणी आणि चिखलात गेली तरी चालेल अशी चप्पल आणा. कोळंबी मी सकाळी आणून ठेवतो, काठ्या चार आहेत, आळीपाळीने धरू.