पंडितजींचे पहिले भाषण आणि तेरेखोलचा काठ

(पेडणे महालातील शेतकरी व मच्छीमार बांधवांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



दिल्लीच्या गादीवर नवा माणूस बसला की त्याचे पहिले भाषण आपण कान देऊन ऐकतो. "बरे बोलला" म्हणतो आणि पुन्हा जाळे शिवायला बसतो. आज मी अशा भाषणांतल्या सर्वांत मोठ्या भाषणाबद्दल बोलणार आहे. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री पंडित नेहरू घटना समितीत जे बोलले, ते. त्या भाषणाची उधारी पेडणे-डिचोलीइतकी क्वचितच कुणाच्या वहीत असेल.

माझे बाबा तेव्हा ऐन पंचविशीत होते. आमच्या वाड्यावर रेडिओ कुठला असणार? दोन-तीन दिवसांनी ते किरणपाणीहून होडीने आरोंद्याला गेले. तिथे एका दुकानाच्या पायरीवर कुणीतरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होता. पंडितजी म्हणाले होते, फार वर्षांपूर्वी घेतलेली शपथ आज पुरी होते आहे. अगदी सगळी नव्हे, पण बरीचशी. बाबा सांगत, "सगळी नव्हे" हे ऐकले आणि मला वाटले, उरली ती आमचीच. पंडितजींच्या मनात त्या वेळी फाळणी असणार, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण दुसऱ्या दिवशीच्या संदेशात त्यांनी राजकीय सीमांमुळे तुटलेल्या भावा-बहिणींची आठवण काढली, ते आमचेच आहेत आणि आमचेच राहतील असे सांगितले. ते शब्द आपल्या काठावरच्या माणसाने आपल्यासाठीच आहेत असे धरले, तर त्याचे काय चुकले?

संध्याकाळी बाबा त्याच होडीने परत आले. अलीकडे पोर्तुगीज शिपाई उभा होता. नदी तीच, भरती-ओहोटी तीच, भाषा तीच. एका काठावर स्वातंत्र्य आणि दुसऱ्या काठावर सभा घ्यायची तर पोलिसांची परवानगी! त्या परवानगीला लोहियांनी १८ जून १९४६ ला मडगावात आव्हान दिलेच होते.

पुढे चौदा वर्षे गेली. १५ ऑगस्ट १९५५ ला आपल्याच महालात, पत्रादेवीला, निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर दिल्लीने सत्याग्रह थांबवला आणि नाकेबंदी आवळली. ज्यांनी मुलगी नदीपलीकडे दिली होती, त्यांना तिच्या बाळंतपणाला जाणेही कठीण झाले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा लोक रडले, ते उगाच नव्हे.

त्याच भाषणात दारिद्र्य, अज्ञान, रोगराई आणि संधीची विषमता संपवण्याचे वचन होते. कुळाला ते वचन कळते ते जमिनीच्या कागदावरून. गोव्यात कुळकायदा १९६४ साली आला, मुंडकार कायदा १९७५ साली. डिचोलीतल्या मये गावाचे बघा. पोर्तुगीज कोंदची मालमत्ता कस्टोडियनच्या ताब्यात गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारा माणूस स्वतंत्र देशात आपल्याच घरात परका राहिला. त्यावर कायदा व्हायला २०१४ साल उजाडले! म्हणजे मध्यरात्रीच्या त्या भाषणानंतर सदुसष्ट वर्षे.

आणि सीमा? ती गेलीच नाही. शिपाई गेला, रेघ राहिली. गोव्याचे वेगळेपण राखण्याचा शब्द पंडितजींनीच दिला होता. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. विलीनीकरणाला १,३८,१७० मते, संघप्रदेशाला १,७२,१९१. पेडणे आणि डिचोलीने महाराष्ट्राच्या बाजूने मत दिले. कौल आम्ही मानला. पटला म्हणून सांगणार नाही. १९८७ साली गोवा राज्य झाले, तेही मानले.

पण तिळारीचे पाणी बघा. धरण दोडामार्गात, कालवा आपल्या शेतात. एका कालव्याला दोन सरकारे. कुठे फुटला तर शेतकऱ्याने आधी कुणाच्या दारात जायचे? समुद्रात तर विचारूच नका. मालवणच्या पाण्यात गोव्याचे ट्रॉलर शिरले की भांडणे होतात, आणि रापण ओढणारा गरीब दोन्हीकडे उपाशी राहतो. बांगड्याला राज्य कळत नाही हो! तेरेखोल गाव नदीच्या पलीकडे असूनही गोव्यात आहे. तिथल्या माणसाचा मामलेदार पेडण्यात बसतो, आणि फेरीबोट चुकली तर त्याचा दिवस बुडाला.

कौलाचा निकाल लागला त्या दिवशी बाबा अंगणात सुंभ वळत बसले होते. मी धावत येऊन आकडे सांगितले. त्यांनी हात थांबवला नाही. एवढेच विचारले, "उद्या आरोंद्याची होडी सुटेल ना?"