संशोधनाची नीती आणि नकाराचा अधिकार
(अभ्यासवर्गातील भाषण)



विज्ञानशाखांतील संशोधक विद्यार्थ्यांना नीतिशास्त्र शिकवावे की नाही, हा वाद आता उरलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पीएच.डी.साठी ‘संशोधन व प्रकाशन नीती’ हा ३० तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. प्रश्न आहे तो त्यात शिकवायचे काय, हा. यातील बराच वेळ प्रकाशनाचे नियम, वाङ्मयचौर्य आणि उद्धरणांची मोजदाद यांवर खर्ची पडतो. चोरी करू नये, आकडे बनवू नयेत, हे शिकवलेच पाहिजे. परंतु तेवढ्याने नीती संपते काय?

अमेरिकेतील टस्कीगीचा प्रयोग या संदर्भात आठवावा. अलाबामा राज्यात १९३२ मध्ये सरकारी आरोग्य सेवेने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष निवडले. त्यांत बहुसंख्य गरीब कुळे होती. ३९९ जणांना उपदंश झालेला होता. ‘रक्त बिघडले आहे’ एवढेच त्यांना सांगण्यात आले. १९४७ च्या सुमारास पेनिसिलीन हा खात्रीचा उपाय ठरला, तरी तो त्यांना देण्यात आला नाही. उपचारावाचून रोग माणसाला कसा पोखरतो, हेच पाहायचे होते! आणि हे लपूनछपून चालले नव्हते. निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत राजरोस छापले जात होते. गुन्हा लेखनात नव्हता, माणसे निवडण्यात होता.

त्याच सेवेतील पीटर बक्स्टन या कनिष्ठ कर्मचाऱ्याने १९६६ मध्ये वरिष्ठांकडे लेखी हरकत घेतली. ती मानली गेली नाही. १९६९ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने प्रयोग चालू ठेवण्याचाच कौल दिला. अखेर प्रकरण वृत्तपत्रांत आले, तेव्हा १९७२ मध्ये तो थांबला.

आपल्याकडील संशोधक विद्यार्थ्याचा प्रबंध, विद्यावेतन आणि पुढील नोकरीची शिफारस मार्गदर्शकाच्या सहीवर अवलंबून असते. अशा विद्यार्थ्याला निर्भयतेचा केवळ उपदेश करणे व्यर्थ होय. त्याला आधार हवा. तक्रार मार्गदर्शकाला वगळून ऐकणारी आणि विद्यार्थी-प्रतिनिधी असलेली समिती हवी. तक्रारीनंतरही विद्यावेतन चालू राहील व मार्गदर्शक बदलून मिळेल, अशी लेखी हमी हवी. आणि वर्गात पहिला प्रश्न हा विचारला जावा, की प्रयोग कोणाच्या देहावर, कोणाच्या जमिनीवर होणार आणि त्याचा लाभ कोणाच्या पदरी पडणार?

पुरोगामी विद्यार्थी संघटनांनी आणि अधिसभांतील सदस्यांनी ही मागणी प्रत्येक विद्यापीठात लावून धरली पाहिजे.