बडगामचे सहा तास

१९४७च्या ऑक्टोबरअखेरीस काश्मीर खोऱ्याचा जीव श्रीनगरच्या एका धावपट्टीत अडकला होता. २७ ऑक्टोबरला १ शीख पलटणीचे जवान घेऊन डाकोटा विमाने तेथे उतरली. त्यानंतर जवान, दारूगोळा, शिधा सारे तिथूनच येत होते. पाकिस्तानातून चालून आलेल्या टोळीवाल्यांनी तोवर श्रीनगरच्या वाटेवरचे बारामुल्ला घेतले होते. धावपट्टी हातची जाती, तर श्रीनगरही जाते. बडगाम हे गाव या विमानतळापासून काही मैलांवरच आहे.

३१ ऑक्टोबरला ४ कुमाऊँची डी कंपनी विमानाने आली. तिचे नायक मेजर सोमनाथ शर्मा चोवीस वर्षांचे होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर ते लढले होते. हॉकी खेळताना मोडलेला डावा हात प्लास्टरमध्ये होता. अशा माणसाला मागे ठेवणेच रीतीचे, पण आपली कंपनी निघत असताना त्यांनी आग्रहाने परवानगी मिळवली.

३ नोव्हेंबरला गस्तीसाठी तीन कंपन्या बडगामकडे गेल्या. सारे शांत दिसले, म्हणून दोन कंपन्यांना परतण्याचा हुकूम झाला आणि शर्मांची कंपनी तेवढी मागे राहिली. दुपारी अडीचच्या सुमारास गावातल्या घरांतून गोळ्या सुटू लागल्या. घरांत सामान्य रहिवासीही असतील, म्हणून शर्मांनी त्या गोळीबाराला उत्तर देणे टाळले. तेवढ्यात गुलमर्गच्या बाजूने सुमारे सातशे हल्लेखोर चालून आले. एका जवानाला सात शत्रू, असे ते प्रमाण होते. माघार घेतली, तर विमानतळाची वाट मोकळी होणार होती.

शौर्य म्हटले की डोळ्यांसमोर मुसंडी येते. शर्मांचे शौर्य मात्र कंपनीनायकाच्या रोजच्या कामात दिसते, आणि म्हणूनच ते अधिक मोठे वाटते. उघड्या मैदानातून धावत ते एका सेक्शनकडून दुसऱ्याकडे जात राहिले. आपल्या विमानांना लक्ष्य कळावे म्हणून तेव्हा जमिनीवर कापडी पट्टे अंथरावे लागत. तेही शत्रूच्या डोळ्यांदेखत त्यांनी स्वतः अंथरले. माणसे पडू लागली तशी हलक्या मशीनगनचा मारा मंदावला. मॅगझिनमध्ये काडतुसे भरणे हे दोन हातांचे काम, पण शर्मा प्लास्टरमधल्या हातानिशी ती भरू लागले आणि मशीनगनवाल्यांच्या हाती देऊ लागले. शत्रू पन्नास यार्डांवर आला आहे, पण एक इंचही मागे हटणार नाही, असा निरोप त्यांनी ब्रिगेडला दिला. थोड्याच वेळात उखळी तोफेचा गोळा शेजारच्या दारूगोळ्यावर पडला आणि स्फोटात ते गेले.

नायक पडल्यावरही जवान तासभर लढत राहिले. सुभेदार प्रेमसिंह मेहता आणि वीस जवान कामी आले. शत्रूचे सहा तास बडगामला गेले, आणि तेवढ्या अवधीत नव्या तुकड्यांनी विमानतळाजवळच्या हुमहामा येथे मोर्चे बांधले. विमानतळ वाचला. ७ नोव्हेंबरला श्रीनगरजवळच्या शालटेंगच्या लढाईत टोळीवाल्यांचा मोड झाला.

शर्मांचा देह तीन दिवसांनी सापडला. ओळख पटली ती पिस्तुलाच्या चामडी म्यानावरून आणि खिशातल्या भगवद्गीतेच्या पानांवरून.

२६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्र स्थापन झाले. दधीचीच्या अस्थींचे वज्र मनात ठेवून त्याचे रेखाटन केले सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्माने त्या युरोपीय, पण मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह करून इथल्याच झालेल्या. सोमनाथ शर्मांचे धाकटे भाऊ सुरिंद्रनाथ हे सावित्रीबाईंचे जावई. पहिले परमवीर चक्र सोमनाथ शर्मांना मरणोत्तर मिळाले.