इंग्रजीतील उभयान्वयी अव्यये : अर्थ आणि उपयोग

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या उद्बोधन वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याकरणाचा तास म्हटला की डोळे जड होतात, याची मला कल्पना आहे. मी व्याकरणाचा पंडित नव्हे; कला शाखेचा पदवीधर आणि माहिती खात्यातील एक अधिकारी. इंग्रजी परिपत्रके मराठीत आणताना जे चटके बसले, त्यांतून हा विषय मला कळत गेला. त्यांतला पहिला चटका आधी सांगतो.

नोकरीच्या प्रारंभी रहिवासाच्या पुराव्याविषयीचे एक पत्रक माझ्याकडे मराठी करण्यासाठी आले. इंग्रजीत तीन कागदांची नावे होती. पहिल्या दोहोंमध्ये स्वल्पविराम आणि तिसऱ्याच्या आधी 'ऑर'. मी घाईत लिहिले, 'शिधापत्रिका, वीजदेयक व मतदार ओळखपत्र'. वाडीवरची एक म्हातारी दोन कागद घेऊन दोनदा आली आणि दोन्ही वेळा 'तिसरा आणा' असे ऐकून परत गेली. खिडकीवरच्या लिपिकाचा त्यात दोष नव्हता. त्याच्यापुढे माझा 'व' होता. तिसऱ्या खेपेस तिने ते पत्रक माझ्याच मेजावर ठेवले, तेव्हा मी मूळ प्रत काढून पाहिली. कोणताही एक कागद पुरेसा होता.

इंग्रजीची रीत अशी की, यादीत नावे कितीही असोत, अव्यय सामान्यतः एकदाच, शेवटच्या नावापूर्वी येते. आणि ते एकटे अव्यय सबंध यादीवर सत्ता चालविते. तेव्हापासून मी मराठी पत्रकात यादीच्या आरंभीच 'पुढीलपैकी कोणताही एक' किंवा 'पुढील सर्व' असे लिहितो. दोन शब्द जास्त जातात, पण कोणाची एसटीची खेप वाया जात नाही.

उभयान्वयी अव्ययांचे प्रकार आपण शाळेत शिकवितोच. समान दर्जाची वाक्ये जोडणारी ती प्रधानत्वसूचक आणि एक वाक्य दुसऱ्यावर अवलंबून ठेवणारी ती गौणत्वसूचक. इंग्रजीतही हीच विभागणी आहे : 'अँड', 'बट', 'ऑर' एका बाजूस, 'इफ', 'बिकॉज', 'ऑलदो', 'अनलेस' दुसऱ्या बाजूस. यात अडचण नाही. अडचण येते ती दोन भाषांच्या सवयींमुळे.

मराठीत ही अव्यये जोडीने वावरतात : जर-तर, जरी-तरी, ज्याअर्थी-त्याअर्थी. मराठी मूल म्हणूनच 'ऑलदो इट रेन्ड, बट वुई वेन्ट' असे लिहिते. त्याने 'जरी'साठी एक आणि 'तरी'साठी एक शब्द शोधलेला असतो. आपण लाल शाईने 'बट' खोडतो आणि पुढच्या वहीकडे वळतो. मुलाला त्याचेच मराठी वाक्य शेजारी लिहून दाखविले, तर इंग्रजीत येथे दोहोंपैकी एकच पुरते हे त्याला उमजते. 'बिकॉज' आणि 'सो' यांचेही तसेच. मात्र इंग्रजीत जोड्या नाहीतच असे सांगू नये. 'आयदर-ऑर', 'नायदर-नॉर' या पक्क्या जोड्या आहेत, आणि 'इफ'पाठोपाठ 'देन' आले तरी ती चूक नव्हे.

'अनलेस' आणि 'अनटिल' यांच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. 'अनलेस'च्या पोटातच नकार आहे. 'अनटिल'च्या पोटात तो नाही. आपण मराठीत 'मी येत नाही तोपर्यंत थांब' म्हणतो, म्हणून मूल 'वेट अनटिल आय डू नॉट कम' असे लिहिते. 'वेट अनटिल आय कम' एवढेच हवे. कचेरीत याच्या उलट घडते : 'अनलेस द फी इज पेड' याचे घाईघाईने 'शुल्क भरल्यास' होते आणि आदेशाचा अर्थच फिरतो. 'शुल्क भरल्याखेरीज कोणत्याही अर्जाचा विचार केला जाणार नाही' हे सरळ मराठी झाले. येथे इंग्रजीचे उभयान्वयी अव्यय मराठीत शब्दयोगी होऊन आले. शब्दाच्या जातीसाठी हट्ट धरू नये. दोन वाक्यांतील नाते जपावे.

'ऑर' हा दिसायला सर्वांत साधा शब्द. मराठीत मात्र त्याला दोन वाटा आहेत : 'किंवा' आणि 'की'. 'अर्जदार मालक किंवा कूळ आहे काय?' याचे उत्तर होय अथवा नाही. 'अर्जदार मालक आहे की कूळ?' याचे उत्तर दोहोंपैकी एक. इंग्रजी अर्जात दोन्हीकडे 'ऑर'च असतो. बोलताना आवाजाच्या चढउतारावरून भेद कळतो. कागदाला आवाज नसतो. म्हणून अर्जाचा नमुना मराठीत करण्यापूर्वी त्याखालच्या रकान्यात 'होय/नाही' आहे की पर्याय दिले आहेत, ते प्रथम पाहावे.

आता नकाराबरोबर येणारे 'अँड'. याचा निवाडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला करावा लागला. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत कायद्याने ठरविलेल्या किमान शिक्षेपासून कोणास सूट मिळावी, याचे कलम तेथे २०१८ साली सुधारण्यात आले. आरोपीच्या पूर्वेतिहासात अ, ब 'अँड' क या गोष्टी नसाव्यात, असा त्यातील एका अटीचा आशय होता. तिन्ही एकत्र नसाव्यात, की तिन्हींपैकी एकही नसावी? पहिल्या अर्थाने एखादी गोष्ट असणाराही सवलतीस पात्र. दुसऱ्या अर्थाने एक असली तरी दार बंद. खालच्या न्यायालयांत मतभेद झाले. १५ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी दुसरा अर्थ ग्राह्य धरला. बहुमताचा निर्णय न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिला आणि भिन्नमत न्यायमूर्ती नील गोरसच यांनी. एका 'अँड'वर माणसांच्या तुरुंगातील वर्षांचा हिशेब अवलंबून होता.

हे दूरचे वाटेल. पण समजा, एखाद्या योजनेच्या पत्रकात 'ज्यांच्या नावे घर, जमीन व वाहन नाही असे कुटुंब' असे लिहिले, तर तोच पेच आपल्या ग्रामसभेत उभा राहील. झोपडीएवढे घर आहे, बाकी काही नाही, त्या कुटुंबाचे काय? 'यांपैकी काहीही नाही' किंवा 'ही तिन्ही एकत्रितपणे नाहीत' असे स्पष्ट लिहावे. पत्रक वरून संदिग्ध आले असेल, तर नावे वगळण्यापूर्वी लेखी खुलासा मागविण्याचा ठराव सदस्यांनी अवश्य करावा.

'प्रोव्हायडेड दॅट'विषयी एकच सूचना. वाक्याच्या मध्ये आले तर 'या अटीवर की'. अधिनियमाच्या कलमात नव्या परिच्छेदाच्या आरंभी आले तर 'परंतु', आणि तो मजकूर म्हणजे परंतुक. कलम वाचून परंतुक न वाचणारे पुष्कळ भेटतात.

आपणा प्रत्येकाच्या हाती अर्जाचा एक इंग्रजी नमुना दिलेला आहे. त्यात 'ऑर' चार ठिकाणी आणि 'अनलेस' एके ठिकाणी आहे. शिक्षक आणि सदस्य यांनी जोडीने बसावे. कोणता 'ऑर' 'की' होतो आणि कोणता 'किंवा', ते समासात पेन्सिलीने लिहावे. वीस मिनिटांनी आपण ताडून पाहू.