शाळेचा जुना कॅमेरा आणि त्याची बॅटरी

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत वाचलेले भाषण)



पनवेल व उरण या तालुक्यांतील गावांचे रूप गेल्या दोन पिढ्यांत जितके पालटले, तितके महाराष्ट्रातील फार थोड्या मुलखाचे पालटले असेल. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि तेव्हाच्या ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांतील सुमारे ९५ गावांच्या भूमीवर नवी मुंबई उभी राहू लागली. भातखाचरे आणि खाडीकाठची मिठागरे यांच्या जागी वसाहती आल्या. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचे पात्र वळविले गेले, दहा गावे उठून दुसरीकडे वसली. आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. आज चौथीत शिकणाऱ्या मुलाला “येथे टेकडी होती” असे सांगितले, तर त्याने ते डोळ्यांपुढे आणावे कसे? त्याला चित्र दाखवावे लागते. आणि ते चित्र टेकडी उभी असतानाच कोणीतरी काढून ठेवलेले असावे लागते.

अशी चित्रे काढण्याचे साधन अनेक शाळांच्या कपाटांत पडून आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कोणी देणगी म्हणून दिलेला, वा शाळेच्या किरकोळ खर्चातून घेतलेला, मुठीत मावणारा डिजिटल कॅमेरा. त्याच्याविषयी बहुधा एकच वाक्य ऐकू येते : “तो आता चालत नाही.” पण तो कशामुळे चालत नाही, याची तपासणी क्वचितच होते. पुष्कळदा कॅमेरा धडधाकट असतो; केवळ बॅटरी उपाशी किंवा म्हातारी झालेली असते. उलट कधी कॅमेराच निकामी असतो आणि बॅटरीवर पैसे वाया जातात. हे दोन प्रकार निराळे कसे ओळखावेत आणि कोणत्या कॅमेऱ्यावर भरवसा ठेवावा, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

कोणी म्हणेल, प्रत्येक शिक्षकाच्या खिशात आज मोबाइल आहे. मग या जुन्या यंत्राचे काम काय? शंका रास्त आहे. परंतु मोबाइल शिक्षकाचा खाजगी असतो. तो मुलाच्या हाती देता येत नाही, आणि शिक्षकाची बदली झाली की त्यातील चित्रेही त्याच्याबरोबर जातात. शाळेचा कॅमेरा शाळेतच राहतो. तो पाचवीच्या मुलीच्या हाती देऊन “तुझ्या आजीची होडी टिपून आण” असे सांगता येते. शिवाय त्याची चित्रे एका लहानशा कार्डात साठतात व ते कार्ड दप्तरी ठेवता येते.

प्रथम बॅटरीवर भार कशाचा पडतो ते पाहू. डिजिटल कॅमेरा जन्मापासूनच विजेचा भुकेला आहे. १९७५ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला हाती धरता येण्याजोगा डिजिटल कॅमेरा बनविला, तेव्हा त्यात सोळा सेल घालावे लागले होते, आणि एक चित्र कॅसेटवर नोंदण्यास त्याला तेवीस सेकंद लागत. पुढे यंत्र लहान झाले. भूक मात्र पुरती गेली नाही. भिंग बाहेर काढणारी लहानशी मोटर, मागचा पडदा, कार्डावरील नोंद आणि सर्वांत खादाड असा फ्लॅश, हे चौघे एकाच बॅटरीवर जगतात. फ्लॅशसाठी आत सुमारे तीनशे व्होल्टचा दाब साठविलेला असतो; म्हणून कॅमेऱ्याचे कवच घरी वा शाळेत कधीही उघडू नये.

जुन्या बॅटरीचा एक चमत्कार पुष्कळांनी अनुभवला असेल. कॅमेरा सुरू करावा तो पडद्यावर बॅटरी भरलेली दिसते. भिंग पुढे येऊ लागते आणि सर्व अंधारते. क्षणभर थांबून पुन्हा सुरू करावा, तर पुन्हा तेच. याची उपमा गाळाने झरे बुजलेल्या विहिरीची. सकाळी पाणी काठोकाठ दिसते. पंप लावला की घटकेत तळ उघडा पडतो, आणि तासाभराने पाहावे तो पाणी पुन्हा वर आलेले. विहीर खोटे बोलत नाही. तिची पाणी देण्याची गती मंदावली आहे. तसेच वय झालेल्या बॅटरीचा अंतर्गत अवरोध वाढतो. नुसते मोजले तर दाब पुरेसा दिसतो. भार पडताच तो खाली येतो. म्हणून बॅटरीची परीक्षा भाराखालीच करावी, पडद्यावरील खुणेवरून नव्हे.

या कॅमेऱ्यांत बॅटरीची दोन घराणी आढळतात. पहिले घराणे भिंतीवरच्या घड्याळातील सेलासारख्या, बाजारात ‘डबल ए’ म्हणून मिळणाऱ्या सेलांचे. कॅननच्या ‘पॉवरशॉट ए’ मालिकेतील बरेच कॅमेरे या सेलांवर चालत. गावच्या शाळेस हे घराणे अधिक सोयीचे, कारण सेल कोठेही मिळतात. मात्र घड्याळाचा स्वस्त सेल घड्याळालाच शोभतो. त्याला क्षणाक्षणाला थेंबभर वीज द्यावयाची असते. कॅमेरा घोटाने पितो. असा सेल घातला तर दोन-चार चित्रांत तो थकतो आणि बोल मात्र कॅमेऱ्याला लागतो. अल्कलाइन सेल त्याहून बरा; पण खरा उपयोगी तो पुन्हा चार्ज होणारा निकेल-मेटल-हायड्राइड सेल. त्याचा दाब दीड व्होल्ट नसून १.२ व्होल्ट असतो. त्यामुळे काही कॅमेरे सेल पुरेसा भरलेला असूनही लवकर इशारा देतात. तेवढ्यावरून तो सेल टाकून देऊ नये.

या जातीच्या जुन्या सेलांत एक खोड होती. चार्ज करून ठेवले की न वापरताही ते काही आठवड्यांत बरेच रिकामे होत. २००५ साली जपानच्या सान्यो कंपनीने ‘एनेलूप’ नावाचे सेल बाजारात आणले. ते महिनोन्‌महिने ठेवले तरी बरीचशी वीज राखून ठेवतात. आज याच गुणाचे सेल इतर कंपन्यांचेही मिळतात. शाळेसाठी घ्यावयाचे असतील तर हेच घ्यावेत. आणि जुना-नवा, भरलेला-रिकामा असे सेल एका जोडीत मिसळू नयेत. बैलजोडीत एक बैल दमलेला असला की दुसऱ्याचीही चाल बिघडते, तसाच हा प्रकार आहे. जोडीवर क्रमांक घालून ती जन्मभर जोडीच ठेवावी.

दुसरे घराणे लिथियम-आयन बॅटरीचे. ही चपटी बॅटरी प्रत्येक कंपनीची निराळ्या आकाराची असते. १९९१ साली सोनी कंपनीने ती प्रथम बाजारात आणली, आणि तिच्या शोधासाठी २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना मिळाले. गुण पुष्कळ, परंतु ही बॅटरी वापराने झिजते तशी न वापरताही वयाने झिजते. उष्णता व काठोकाठ भरलेली अवस्था ही दोन्ही एकत्र आली म्हणजे ती अधिक लवकर म्हातारी होते. सिमेंटच्या पत्र्याखालील लोखंडी कपाट एप्रिल-मे महिन्यांत किती तापते, हे शिक्षकांना सांगावयास नको. म्हणून सुटीपूर्वी बॅटरी सुमारे अर्धी भरलेली ठेवावी, कॅमेऱ्यातून काढावी आणि सावलीच्या थंड, कोरड्या जागी ठेवावी. पूर्ण रिकामी करून वर्षानुवर्षे टाकून दिलेली बॅटरी इतकी खाली जाते की चार्जर तिला स्वीकारीत नाही. तो नकार योग्यच असतो. तार जोडून वा अन्य युक्तीने तिला जबरदस्तीने भरू नये. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, मुलांच्या हाती देऊ नये. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्राकडे पोचवावी. २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

नवी बॅटरी विकत घेतानाही सावध असावे. मूळ कंपनीची, पण दहा वर्षे दुकानात पडून राहिलेली बॅटरी वेष्टनात नवी दिसते. वयाने ती दहा वर्षांचीच असते. आणि बदली बॅटरीवर छापलेला मोठा आकडा म्हणजे क्षमतेचे प्रमाणपत्र नव्हे.

मग भरवसा ठेवावा कशावर? कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत “एका चार्जमध्ये इतकी चित्रे” असा आकडा असतो. डिसेंबर २००३ मध्ये जपानी कॅमेरा-उत्पादकांच्या संघटनेने त्यासाठी एक रीत ठरविली : सुमारे २३ अंश तापमान, दर ३० सेकंदांस एक चित्र, एकाआड एक चित्रास फ्लॅश, प्रत्येक दहा चित्रांनंतर कॅमेरा बंद. ही रीत चांगली आहे; पण तो आकडा नव्या बॅटरीचा आहे. शाळेने स्वतःचा आकडा स्वतः काढावा. एका शनिवारी बॅटरी पूर्ण भरून मुलांच्या हाती घड्याळ द्यावे, दर अर्ध्या मिनिटास एक चित्र काढावे, एकाआड एक फ्लॅश द्यावा, आणि कॅमेरा थकेपर्यंत फळ्यावर मोजणी करावी. तासाला १२० चित्रे होतात. पुस्तिकेत २४० लिहिले असेल आणि प्रत्यक्ष ८० निघाली, तर बॅटरीत एकतृतीयांश प्राण उरला आहे हे चौथीचा मुलगाही सांगेल. हा आकडा तारखेसह जडवस्तू नोंदवहीत कॅमेऱ्याच्या नावापुढे लिहावा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजावा. ज्या बॅटरीची ८० चित्रे नक्की ठाऊक आहेत, ती ज्या बॅटरीविषयी काहीच ठाऊक नाही अशा नव्या बॅटरीहून अधिक विश्वासाची. सहलीस निघताना शिक्षकाला या नोंदीचे मोल कळते.

आता बॅटरीखेरीज अन्य दोष पाहू. बॅटरी भरलेली असून भिंग अर्ध्यावर अडत असेल, तर बहुधा समुद्रकाठची वाळू त्यात गेली आहे. चित्र काढताना अशा जागी कॅमेरा पिशवीतून क्षणभरच बाहेर काढावा. सेलाच्या घरात पांढरट थर दिसला, तर सेल पाझरला आहे; शिक्षकाने हातमोजे घालून, लिंबाच्या रसात किंचित भिजविलेल्या कापसाने तो थर पुसावा, मग ओलसर व शेवटी कोरड्या कापसाने जागा स्वच्छ करावी. तारीख वारंवार पुसली जात असेल, तर आतील घड्याळाची छोटी बॅटरी संपली आहे. हा दोष क्षुल्लक वाटतो. परंतु चुकीच्या तारखेचे चित्र इतिहासाला दगा देते. म्हणून दररोज पहिले चित्र फळ्यावर लिहिलेल्या तारखेचेच काढावे. २००६ पूर्वीच्या पुष्कळ कॅमेऱ्यांना दोन जीबीहून मोठे कार्ड ओळखता येत नाही; तेथेही दोष यंत्राचा नाही, कार्डाच्या निवडीचा आहे.

एक दोष मात्र असाध्य आहे. २००५ साली असे उघड झाले की, सोनीने बनविलेल्या काही प्रकाशसंवेदकांतील बारीक जोड उष्ण व दमट हवेत सुटतात, आणि चित्र जांभळट, वेडेवाकडे वा संपूर्ण काळे येते. हे संवेदक अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बसविलेले होते. कोकणपट्टीच्या हवेत असा कॅमेरा टिकणे कठीण. बॅटरी बदलून हा दोष जात नाही. अशा यंत्राचा निरोप घ्यावा हेच उत्तम. जे कॅमेरे सुस्थितीत आहेत ते पावसाळ्यात झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत. नाही तर भिंगावर बुरशी धरते.

शेवटी मूळ मुद्द्याकडे वळू. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. पाठोपाठ नवे रस्ते, नव्या वसाहती येत आहेत. हिवाळ्यात खाडीवर रोहित पक्षी उतरतात. ते ज्या पाणथळ जागी उतरतात ती जागा पुढील वर्षी तशीच असेल असे कोणी सांगावे? गावदेवीच्या जत्रेचे मैदान, जुनी विहीर, मिठागराचा शेवटचा ढीग, शाळेची कौलारू इमारत, यांचे चित्र एकदाच काढावयास मिळते. त्या वेळी यंत्र अंधारले तर दुसरी वेळ येत नाही.

म्हणून प्रत्येक शाळेने या महिन्यात तीन गोष्टी कराव्यात. कपाटातील कॅमेरा बाहेर काढून त्याची परीक्षा घ्यावी. बॅटरीचा आकडा मोजून नोंदवहीत लिहावा. आणि मग मुलांना बरोबर घेऊन गावातील अशी दहा ठिकाणे टिपावीत की जी दहा वर्षांनी नसण्याचा संभव आहे. चित्रामागे स्थळ, तारीख व मुलाचे नाव लिहावे. पुढे केव्हातरी त्याच गावातले एखादे मूल “येथे काय होते?” असे विचारील, तेव्हा त्याला उत्तर देणारे चित्र शाळेच्या दप्तरात असावे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.