बर्ड फ्लूची लस आहे, मग आपण टोचत का नाही?

आजचा विषय थेट आपल्या वाशिमचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये कारंजा तालुक्यातल्या खेर्डा गावात एका पोल्ट्रीतल्या साधारण आठ हजार कोंबड्यांपैकी सहा हजारांहून जास्त पाच-सहा दिवसांत मेल्या. रिपोर्ट आला, बर्ड फ्लू.

आता नियम ऐका. सरकारी पथक जेवढे पक्षी मारतं, तेवढ्यांची भरपाई मिळते. रोगानं आधीच मेलेल्यांची नाही. लवकर कळवा, हा त्यामागचा हेतू, ठीक आहे. पण नमुना पुण्याला, तिथून भोपाळला जाईपर्यंत शेड अर्धं रिकामं झालेलं असतं, आणि कर्ज तर पूर्ण शेडचं असतं ना भाऊ!

मग लस का नाही? २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हापासून आपलं धोरण एकच: शोधा आणि मारा. भोपाळच्या संस्थेनं लस बनवलीय, पण ती एच९एन२ या सौम्य प्रकारावरची. एच५एन१ वर नाही.

यात अडचण खरी आहे, आणि ती शहामृगांकडे पाहिलं की लगेच कळते. शहामृगाला लागण होऊनही तो बरेचदा धडधाकट दिसतो. कॅनडात एका फार्मवर काही शहामृग मेले, उरलेले ठणठणीत दिसत होते. मालक कोर्टात लढले, हरले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तीनशेच्या वर पक्षी मारले गेले. लस टोचलेली कोंबडीही अशीच होऊ शकते: मरत नाही, पण विषाणू पसरवते. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर गेली नाही, फक्त लॉग बंद झाला.

फ्रान्सनं ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना लस सुरू केली, पण सोबत दर महिन्याला कळपांची तपासणीही. तिथले उद्रेक शेकड्यांवरून दहाच्या आसपास आले. तरी अमेरिकेनं त्यांच्या मालावर लगेच बंधनं घातली.

माझं मत विचाराल, तर बॉयलरला लस परवडणार नाही. तो चाळीसेक दिवसांत विकला जातो. अंड्यांच्या कोंबड्या वर्षभराहून जास्त जगतात, सुरुवात तिथून करावी. पण आधी जिल्ह्याजवळ तपासणी हवी.

तोवर, पोल्ट्रीत अचानक मर दिसली तर मेलेले पक्षी नाल्यात टाकू नका. १९६२ ला फोन लावा. भेटू पुढच्या भागात.